नवव्या बरणीचा उपास

आमच्या गल्लीच्या हौदाच्या कट्ट्यावरून मी आजवर चार वेळा पडलो आहे. पैकी पहिली दोन पडणी खासगी होती. तिसऱ्या वेळी मात्र खानापूरहून मला बघायला आलेले पाहुणे दारात उभे होते, आणि मी त्यांच्याच पाय धुण्याचं पाणी आणायला गेलो होतो. पडताना माणसानं निदान काहीतरी बोलावं. 'अरे', 'आई गं', काहीही. मी नेमका शिंकलो. त्यामुळे पाहुण्यांचा बराच वेळ असा समज होता की हा मुलगा शिंकतोच असा, बादलीसकट.

पाहुणे म्हणजे मुलीचे वडील, केदारी. जंगल खात्यात कारकून. सागवानाच्या ओंडक्यांवर नंबर घालण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. मी कट्ट्याखाली आडवा पडलो होतो तेव्हा त्यांनी माझ्याकडे त्याच सवयीनं पाहिलं. मग गुडघ्याची वगैरे चौकशी न करता थेट मुद्द्याला हात घातला.

"पाय घसरतोय, त्याचं काय न्हाय. नोकरी परमनंट हाय का?"

खोटं बोलायची सोय नव्हती, कारण उत्तर आईनं दिलं. माझ्या आईनं, म्हणजे सोनाबाईनं, तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत पाला निवडला आहे. खराब पान दिसलं की ते बाजूला काढून सगळ्यांना दाखवायचं, ही सवय तिला तिथं लागली. "न्हाय," ती म्हणाली. "टेंपरवारी हाय. जूनला घेत्यात, मार्चला नारळ देत्यात. पाच वर्सं झाली."

"मग येत्या मार्चपतुर आमी थांबतो," केदारी म्हणाले. पाय न धुताच ते चहा प्यायले आणि एस.टी.नं निघून गेले.

मी निपाणीतल्या एका कॉलेजात जीवशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे सर बेडकाविषयी बोलत असताना बेडूक धरून उभा राहणारा. साल एकोणऐंशी. दुसऱ्या दिवशी लंगडत प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, एक जागा कायम होण्यासारखी आहे, पण जानेवारीत विद्यापीठाची समिती येईल आणि विभागात संशोधनाचं वातावरण आहे का ते पाहील.

"आहे का, सर?" मी विचारलं.

"ते तुम्ही आणायचं," प्राचार्य म्हणाले.

संशोधनासाठी विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. तो माझ्या गुडघ्यावर होता. हौदाच्या कट्ट्यावर हिरवं दिसतं त्याला लोक शेवाळ म्हणतात आणि सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळे होतात. खरा गुन्हेगार दिसतच नाही. कुठलीही वस्तू दोन दिवस पाण्यात ठेवा, तिच्यावर सूक्ष्मजीव येऊन बसतात, स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडतात आणि त्या बुळबुळीत थरात घरं करून राहतात. एकदा बसले की घासल्याशिवाय हलत नाहीत. थोडक्यात, ते परमनंट असतात. मला त्यांचा हेवा वाटला हे कबूल केलं पाहिजे. झाडपाल्याच्या काढ्यानं हा थर वाढायचा थांबतो का, हे पाहायचं मी ठरवलं. थांबला तर गल्लीचे गुडघे वाचणार होते, आणि माझी नोकरी.

मनाशी मी तीनच झाडं धरली होती, कडुनिंब, तुळस आणि करंज. ती मनातच ठेवायला हवी होती. मी ती हौदावर बोललो.

"आन तंबाखू?" देवाप्पांनी विचारलं. देवाप्पा आमचे शेजारी. आई पाला निवडायची त्या वखारीत ते मुकादम होते आणि नुसत्या वासावरून पान कुठल्या गावच्या कुठल्या वावरातलं ते सांगत. "मास्तर, निपाणीत राहून तंबाखू सोडून परयोग? बाहेर तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का? तंबाखूनं किडा मरतोय, मुंगी मरतीया, मानूस मरतोय. ही तुमची बुळबुळ कोन लागून गेली?"

तंबाखू घेतली. त्याबरोबर समोरच्या तानीबाईंना वाटलं की निर्गुडीवर अन्याय होतोय. वडगावहून दर आठवड्याला साड्या विकायला येणारा शामू अडुळशासाठी अडून बसला. शेवगा कुणी सुचवला ते आता आठवत नाही, पण नाकारला असता तर त्या घरातून आम्हाला पुन्हा शेंगा आल्या नसत्या. अशी सात झाडं झाली. आठवं झाड कॉलेजच्या ऑफिसातून आलं.

त्याचं असं झालं. काढा घातलेल्या पाण्यात काचपट्टी टांगायची आणि तिच्यावर किती थर धरतो ते मोजायचं, अशी माझी पद्धत होती. काचपट्ट्या कॉलेजच्या कपाटात चारशे होत्या आणि कपाटाची किल्ली हेडक्लार्क भावकूकडे होती.

"काच फुटनारी वस्तू हाय," भावकू म्हणाला. "फुटली तर?"

"फुटणार नाही."

"तसं लिवून द्या."

मी लिहून दिलं. तो म्हणाला, न फुटणाऱ्या वस्तूंच्या रजिस्टरात काच बसत नाही. मग फुटणाऱ्या वस्तूंसाठी वेगळा अर्ज केला. तो मराठीत होता म्हणून कन्नडमध्ये मागितला. कन्नडमध्ये दिला, तर विषय शास्त्रीय आहे म्हणून इंग्रजीत मागितला. इंग्रजीतला अर्ज वाचून, यात काय म्हटलंय ते कळावं म्हणून सोबत मराठी प्रत जोडण्याचा शेरा आला. चार कागद एका टाचणीत आले तोवर दिवाळी होऊन गेली होती. शेवटी मी भावकूसमोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "माझं लग्न अडलंय हो."

भावकू विरघळला. "मग आदी सांगायचं न्हाय व्हय?" त्यानं किल्ली काढली. मी आठ पट्ट्या मागितल्या होत्या, त्यानं नऊ मोजून दिल्या, आणि मी दारात पोचल्यावर हाक मारली. "आमच्या परसात सीताफळ हाय. त्याचा पाला उवांवर लई भारी. घ्या की वाईच."

आता निर्गुडी. निर्गुडी निपाणीत बांधाबांधावर आहे. पण तानीबाईंच्या मते ती नुसती दिसायला निर्गुडी. खरी निर्गुडी त्यांच्या माहेरची, कागलच्या पलीकडची, म्हणजे महाराष्ट्रातली. मी जाऊन पिशवीभर पाला आणला आणि परतताना राज्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर अडकलो. नाकेदार सज्जन होता, माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. त्याच्या तक्त्यात गूळ होता, लाकूड होतं, गुरं होती, पाला नव्हता. मला सोडावं म्हणून तो एकेक रकाना मनापासून लावून बघत होता. चारा म्हणावा तर जनावर कुठं आहे? त्यानं हे विचारल्यावर सगळ्या बसनं माझ्याकडे पाहिलं. औषध म्हणावं तर डॉक्टरची चिठ्ठी लागणार. लाकूड म्हणावं तर जंगलचा पास. शेवटी त्याचा चेहरा उजळला आणि त्यानं लिहिलं, 'घरी खाण्यासाठी भाजी, पिशवी एक.'

तेवढ्यात त्याचा साहेब आला. त्यानं पिशवीत नाक घातलं आणि म्हणाला, "ही भाजी? खाऊन दाखवा बघू."

मी द्वितीय श्रेणीतला विज्ञान पदवीधर आहे. मी बेचाळीस प्रवाशांदेखत कच्ची निर्गुडी खाल्ली. मागच्या बाकावरची एक बाई हळहळून म्हणाली, "वाईच मीठ तरी द्यायचं त्यास्नी." निपाणी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

अशी आठ झाडं झाली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षा चालू होती, म्हणून आमच्या पडवीतल्या फळीवर आईच्या लोणच्याच्या नऊ बरण्या मांडल्या. सगळ्यांत हौदाचं पाणी, सगळ्यांत दोऱ्यानं टांगलेली एकेक काचपट्टी. आईला अक्षरओळख नाही, म्हणून शामूनं दिलेल्या रेशमाचे आठ रंगांचे दोरे आठ बरण्यांच्या गळ्याला बांधले आणि तेच रंग काढ्यांच्या मडक्यांना. नववी बरणी तुलनेसाठी. तिच्यात काढा घालायचा नव्हता, म्हणून तिला दोराही नव्हता. ती फळीच्या टोकाला, भिंतीकडे.

सगळं मांडून झालं आणि मला बेळगावला पेपर तपासायला वीस दिवस जाण्याचा हुकूम आला. टेंपररी माणसाला नाही म्हणता येत नाही. मी आईला शिकवलं.

"रोज सकाळी ज्या त्या रंगाच्या मडक्यातला एक चमचा त्याच रंगाच्या बरणीत. चुकायचं नाही."

"तीस वर्सं पाला निवडलाय मी. चुकीन कशी?" आई म्हणाली. मग तिनं फळीच्या टोकाकडे बोट केलं. "आन ह्या बरनीला?"

"तिला काही नाही."

"कायच न्हाय?"

"नुसतं पाणी. आई, शास्त्रात एकाला काही द्यायचं नसतं."

"का? तिनं काय केलंया?"

मी म्हणालो, असतं तसं. मला भावकूच्या पावतीची दुसरी प्रत करायची होती. आई त्या बरणीसमोर थोडा वेळ उभी राहिली, मग आत गेली. मी त्या उभं राहण्याकडे लक्ष दिलं नाही. माझ्या संशोधनातली ही सर्वात मोठी चूक.

बेळगावात मला देवाप्पांचं रोज एक कार्ड यायचं. 'तंबाखूची तब्येत उत्तम. तुळस जेमतेम. कडुनिंबाचे लक्षण आज आम्हास ठीक दिसले नाही.' एकदा तर, 'शेवग्याच्या मंडळींनी बरणीस नमस्कार केला, हे नियमात बसते काय ते कळवावे.' आईचा निरोप प्रत्येक कार्डाच्या शेवटी तोच असायचा. 'आक्का सांगतात, काळजी करू नको, सगळ्यांचं नीट चालले आहे.' सगळ्यांचं या शब्दावर मी थांबायला हवं होतं.

समितीची जीप बेळगावहूनच निघायची होती. मलाही तीत घेतलं, मागं, स्टेपनीवर. समितीत मुख्य होते डॉ. यरगट्टी. धारवाडकडचे, उंच, फार कमी बोलणारे. निपाणीपर्यंत ते मला एकच वाक्य बोलले, "पाय काढा की ओ, फाईल आहे खाली."

पडवीत गल्ली जमली होती. खुर्च्या चार घरांतून आलेल्या, चारही वेगळ्या उंचीच्या. यरगट्टी बुटक्या खुर्चीवर बसले आणि प्राचार्य उंच खुर्चीवर. त्यामुळे प्राचार्य सारखे वाकत होते. मी जेन्शन व्हायोलेटची बाटली काढली, तोंड आल्यावर लावतात ते जांभळं औषध. पट्टी त्यात बुडवून धुतली की जिथं थर आहे तिथं जांभळा रंग धरून राहतो. थर जाड तर रंग गडद.

कडुनिंबाची पट्टी काढली. गडद जांभळी. तुळस, गडद जांभळी. करंज, निर्गुडी, अडुळसा, शेवगा, सीताफळ, एकीपेक्षा दुसरी तसूभर कमी नाही. पट्टी निघेल तसा मागे गर्दीत एकेकाचा सुस्कारा ऐकू येत होता. तंबाखू निघाली तेव्हा देवाप्पांनी टोपी काढली.

माझी आशा अजून संपली नव्हती. नुसत्या पाण्यातली पट्टी याहून गडद निघाली तर आठही काढे थोडेबहुत जिंकणार होते. मी नववी पट्टी काढली, बुडवली, धुतली. अगदी तशीच. नऊच्या नऊ एकाच थानातून फाडल्यासारख्या.

"कंट्रोल हेच काय?" यरगट्टींनी विचारलं. त्यांनी नववी बरणी उचलली. पाणी पिवळट होतं. त्यांनी वास घेतला. "तंबाखूचा वास येतोय की ओ."

मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा अभिमानानं फुलला होता.

"सगळं घातलंया," ती म्हणाली. "आठी मडक्यातलं एकेक चमचा, नऊच्या नऊ बरन्यास्नी. रोज. कुनाला कमी न्हाय, कुनाला जास्त न्हाय."

प्राचार्य पूर्ण वाकले. माझ्या तोंडून कसाबसा शब्द फुटला, "आई, मी सांगितलं होतं..."

"सांगटलं हुतंस. पर तू बेळगावास गेलतास, हितं मी हुते. पयल्या दिशी मी तुज्या म्हनन्यापरमानं केलं. आट जनी खात्यात आन ती एक कोपऱ्यात नुसतं पानी पिऊन बसलीया. दुसऱ्या दिशी माजा हात म्होरं जाईना." मग ती यरगट्टींकडे वळली, कारण बाकी सगळे माना खाली घालून होते. "साहेब, मी सात-आट वर्सांची आसंन. गावात पाटलाकडं लगीन. आमची पंगत गोट्यामागं. पत्रावळ्या मांडल्या, भात आला, आमटी आली. बुंदी पलीकडं वाडत हुते, वास आमच्यापतुर येत हुता. बुंदी काय आली न्हाय. पंगतीत बशीवलंय आन वाडायचं न्हाय, हे माज्या घरात हुयाचं न्हाय."

ही गोष्ट तिनं मला कधी सांगितली नव्हती. मला नोकरीचं विसरायला झालं, पण ते थोडाच वेळ टिकलं, कारण यरगट्टींनी पेन काढलं. त्यांनी लिहिलेलं मला उलट्या बाजूनंही वाचता आलं. 'बरण्यांमध्ये फरक आढळला नाही.'

मग त्यांनी नऊही पट्ट्या एका रांगेत उजेडात धरल्या आणि बराच वेळ तसेच राहिले.

"माझ्या लॅबमध्ये," ते म्हणाले, "तीन पट्ट्या सारख्या आणायला मुलांना दोन वर्षं लागतात. हे नऊ आहेत." मग आईला, "मोजून घातलं काय, अम्मा?"

"वाडनाऱ्याला मोजाय लागत न्हाय. बगून कळतंया."

"मार्चमध्ये मी परत येतो. प्रयोग हाच, हात हेच. नवव्यात मात्र काही घालायचं नाही. जागा तोवर थांबवू."

हे एवढं भाग्य माझ्या वाट्याला आलं आणि आई म्हणाली, "मला जमायचं न्हाय."

पुढचे आठ दिवस सगळ्या गल्लीनं तिला समजावलं. प्राचार्य स्वतः घरी येऊन गेले आणि मार्च महिन्याचा उल्लेख त्यांनी अशा आवाजात केला की मांजर उठून गेलं. आई सगळ्यांना चहा द्यायची आणि मान हलवायची. "धर्मा, तू परमनंट हुयाला पायजेस, हे तुज्यापरीस मला जास्त वाटतंया," ती मला म्हणाली. "पर माज्या हातानं न्हाय."

मला एक युक्ती सुचली. आजही ती आठवली की अंगावर पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं. मी म्हणालो, "आई, मग असं करू, ती बरणी फळीवर नकोच. तिला बाहेर वेगळी ठेवू. म्हणजे तुला दिसायची नाही."

आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी उठून हौदावर गेलो आणि उगाचच पाय धुतले.

मार्ग काढला तो तानीबाईंनी. "आक्का, तिचा उपास हाय आसं समजा की."

"उपास आपल्या मनानं धरत्यात," आई म्हणाली. "दुसऱ्यानं धरायला लावला तर त्येला उपाशी ठेवनं म्हनत्यात." पण शब्द तिच्या डोक्यात घोळत राहिला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कप पालथा घातला. "मी बी धरते, तिच्या संगं. वीस दिस च्या बंद. आन तिला बी दोरा बांदायचा. बिनदोऱ्याची ऱ्हायची न्हाय ती."

वखारीत असल्यापासून माझी आई चहावर चालते. चहाशिवायचे ते वीस दिवस ज्यांनी पाहिले त्यांनी पुन्हा विज्ञानाचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं चढलं. पाचव्या दिवशी ती सीताफळाच्या काढ्यावरून भावकूला त्याच्याच ऑफिसात जाऊन बोलून आली. देवाप्पांनी सहानुभूती म्हणून तंबाखू सोडली, पण ते फक्त दुपारपर्यंत टिकलं. रोज सकाळी आई आठ बरण्यांत आठ चमचे घालायची आणि नवव्या बरणीपुढं, लाल दोऱ्यावर बोट ठेवून, काहीतरी पुटपुटायची. एकदा मी ऐकलं. "बारा दिस ऱ्हायलं, बाई," ती सांगत होती. "माजं बी डोस्कं दुकतंया."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात यरगट्टी आले. या वेळी त्यांनी स्वतःच उंच खुर्ची घेतली. मी पट्ट्या काढायला सुरुवात केली. कडुनिंब गडद जांभळा. तुळस गडद. तंबाखू तर इतकी गडद की देवाप्पांना घरी न्यावं लागलं. मग नववी पट्टी बुडवली आणि धुतली. रंग वाहून गेला. राहिली ती जेमतेम जांभळट झाक.

मला जे सिद्ध करायचं होतं त्याच्या हे बरोबर उलट होतं. रोज चमचाभर काढा म्हणजे सूक्ष्मजीवांना रोजचा खुराक. गल्लीच्या आठही झाडांनी मिळून बुळबुळीला बाळसं आणलं होतं, आणि ज्या पाण्यात काही घातलं नाही तिथं थर नावापुरताच होता. यरगट्टी पहिल्यांदाच हसले. "उलट आलं तर काय झालं? फरक आला की!" असं म्हणून ते भरभर लिहू लागले.

आई पुढं आली. तिनं ती फिकट पट्टी हातात घेतली, उजेडात धरली, आणि तिचे डोळे भरून आले.

"बगा," ती म्हणाली. "कशी फिक्की पडलीया."

तिचं निरीक्षण बरोबर होतं आणि यरगट्टींचंही बरोबर होतं. दोघं एकाच पट्टीकडे बघत होती. यरगट्टींनी लिहिणं थांबवलं, खाली सही केली, पेनला टोपण लावलं. मग ते फळीकडे गेले, आठ मडक्यांतला एकेक चमचा मोजून नवव्या बरणीत घातला, आणि म्हणाले, "अम्मा, सुटलं उपास. आता चहा ठेवा बघू."

त्या दिवशी आई सहा कप चहा प्यायली.

कायम नेमणुकीचा कागद महिन्याभरानं आला, तीन भाषांत. केदारी तो वाचायला खानापूरहून स्वतः आले. मी पाय धुण्याचं पाणी आणायला गेलो. दरम्यान उरलेले आठ काढे फुकट जाऊ नयेत म्हणून गल्लीनं ते वापरून हौदाचा कट्टा धुऊन काढला होता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चौथं पडणं हे. मात्र या वेळी केदारींनी मला हात देऊन उठवलं. परमनंट माणसाचं पडणं वेगळं दिसतं.

लग्न मे महिन्यात झालं, जेवण गल्लीतच. पंगत आमच्या दारापासून हौदापर्यंत. पहिल्या पानावर डॉ. यरगट्टी, शेजारी प्राचार्य, मग केदारी. पार शेवटी, हौदाशी, बँडवाले, झाडूवाल्या, आणि ज्यांना कोणी बोलावलं होतं की नाही हे कळत नव्हतं असे पाचसहा जण. आईनं बुंदीच्या लाडवांचं ताट कमरेवर घेतलं, पहिल्या पानावरून तशीच पुढं गेली, सगळी पंगत ओलांडून हौदाशी पोचली आणि तिथून वाढायला सुरुवात केली.

केदारी अस्वस्थ झाले. "अवो, मानाचं पाव्हनं हिकडं बसल्यात..." ते उठायला लागले.

यरगट्टींनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. "बसा की ओ. येतंय. हात बरोबर आहे."

लाडू हळूहळू आमच्याकडे सरकत आले. केदारी ताटाकडे बघत लाडू मोजत होते, पुरतील की नाही म्हणून. पुरले. शेवटचा लाडू यरगट्टींच्या पानात पडला. मी उठून मुद्दाम हौदापर्यंत जाऊन आलो आणि बँडवाल्यांची पानं नीट पाहिली. फरक आढळला नाही.